सहाध्याय्याची घरची गोष्ट ऐकतांना

(अभ्यासवर्गासाठीं पाठ)

प्रौढांच्या वर्गांत किंवा उपदेशकांच्या अभ्यासवर्गांत एकमेकांची ओळख वाढावी म्हणून पुष्कळ ठिकाणीं असें काम देतात कीं, प्रत्येकानें आपल्या घराण्याची गोष्ट लिहून आणावी, ती सर्वांसमोर वाचावी आणि इतरांनीं तिला उत्तर द्यावें. गोष्ट कशी लिहावी हें शिक्षक शिकवितात. उत्तर कसें द्यावें हें मात्र सहसा कोणी शिकवीत नाहीं; तें सर्वांस आपोआप येतें असें धरून चालतात. अनुभव तसा नाहीं. वाचणारा खालीं बसतो. कोणी "फार छान" म्हणतो, कोणी टाळी वाजवितो, कोणी लागलीच स्वतःची गोष्ट सुरू करतो. आणि ज्यानें आठ रात्री जागून चार पानें लिहिलीं तो मनांत म्हणतो कीं, उगीच सांगितलें. ह्या पाठांत त्या उत्तराचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, आपल्या मंडळ्यांतील लोकांस घराण्याची गोष्ट सांगणें सोपें नसतें. शहरांतील सुखवस्तु माणसास "तुम्ही मूळचे कोठले?" असें विचारलें तर तो आनंदानें आजोबा-पणजोबांपासून सुरुवात करतो. खेड्याकडे जाणाऱ्या एस. टी. मोटारींत शेजारीं बसलेला गृहस्थ हाच प्रश्न विचारतो तेव्हां त्याला बहुधा गांव नको असतें, जात हवी असते. आडनांवानें उलगडा झाला नाहीं कीं तो सोयरे कोठले तें विचारतो, घर गांवाच्या कोणत्या अंगाला तें विचारतो, आणि उत्तर मिळतांच एक तर मोकळा होतो किंवा थोडा सरकून बसतो. जो मनुष्य लहानपणापासून ह्या प्रश्नाला बगल देण्यांत तरबेज झाला, त्याला आपण वर्गांत सांगतों कीं, ऊठ, आणि तूं कोण तें सर्वांस सांग. तो जें सांगतो तें तोलून-मापून सांगतो. त्यानें काय गाळलें हें त्याचें त्यालाच ठाऊक. ऐकणारानें एवढें ओळखलें तर अर्धा पाठ येथेंच झाला.

आतां एक खरी गोष्ट घेऊं. पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंत मांग समाजांतील मुक्ता नांवाची एक मुलगी शिकत होती. तिचें वय सुमारें चौदा वर्षांचें. तिनें मांग व महार यांच्या दुःखाविषयीं एक निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' पत्रानें १८५५ सालच्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांच्या अंकांत दोन भागांनीं छापला. हें पत्र अमेरिकन मराठी मिशननें १८४२ मध्यें अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) येथें सुरू केलेलें. आज ती मुलगी मुक्ता साळवे ह्या नांवानें सर्वांस माहीत आहे. तिच्या निबंधाचा सारांश असा: वेद ब्राह्मणांचे, आम्हांस ते पाहण्याचाही अधिकार नाहीं, तर मग आमचा धर्म कोणता? आमच्या लोकांना जमिनींवरून हुसकून तेथें मोठ्या इमारती बांधल्या, आणि माणसांना तेल-शेंदूर पाजून त्या इमारतींच्या पायांत पुरलें. बाजीरावाच्या काळीं तालीमखान्यापुढून मांग किंवा महार गेला तर त्याचें डोकें उडवून मैदानांत त्याचा चेंडू करीत. बाळंतपणाच्या वेळीं आमच्या बायकांच्या डोक्यावर छप्परसुद्धां नसतें. थंडी-पाऊस अंगावर घेत त्या प्रसूत होतात. आणि शेवटीं ती आपल्या जातभाईंना सांगते कीं, ह्या रोगावर विद्या हें औषध आहे, तें घ्या.

हा निबंध आज सहज मिळतो. तो वर्गांत सावकाश वाचून घ्यावा, आणि वाचून झाल्यावर असें समजावें कीं, मुक्ता आपल्याच सतरंजीवर बसली आहे, तिनें आतांच कागद खालीं ठेवला आहे, आणि ती आपल्याकडे पाहत आहे. तुम्ही काय बोलाल?

एक जण म्हणेल, "हें फार जुनें झालें. आतां काळ बदलला." काळ किती बदलला हा वादाचा विषय आहे व तो निराळा आहे. परंतु हें वाक्य बोलणारास मुक्तेचें कांहींच ऐकावयाचें नाहीं. ओझें खालीं ठेवून मोकळें होण्याची त्याला घाई आहे. दुसरा म्हणेल, "आमच्या आजोबांचे हाल तर ह्याहूनही वाईट." हा मनुष्य दुष्ट नव्हे. आपण एकाच नावेंतले आहों असें त्याला सांगावयाचें असतें. पण घडतें असें कीं, तिची गोष्ट मागें पडते आणि वर्गांत दुःखांचा बाजार भरतो, ज्याचें वजन जास्त त्याची सरशी. तिसरा उसासा टाकून "बिचारी!" म्हणेल. ह्या एका शब्दांत बोलणारा ओट्यावर चढून बसतो आणि सांगणारी अंगणांत उभी राहते. चौथा शिकलेला असेल तर म्हणेल, "काय भाषा आहे! इतक्या लहान वयांत किती शुद्ध लिहितेस!" मयताचें पत्र हातीं आलें असतां अक्षर वळणदार आहे म्हणून तारीफ करावी, त्यांतलाच हा प्रकार. लिहिण्याची वाखाणणी करूं नये असें नाहीं; पण ती शेवटीं करावी, आणि पत्रांत काय आहे तें आपण वाचलें एवढें आधीं दाखवावें.

त्या निबंधांत आणखी एक जागा आहे व आपल्या मंडळ्यांच्या दृष्टीनें तीच सर्वांत अवघड आहे. महार लोकही आपणांस मांगांहून श्रेष्ठ समजतात व मांगांचा विटाळ मानतात, हें मुक्तेनें लपविलेलें नाहीं. अहमदनगरकडील जुन्या मंडळ्यांत बहुतेक घरें महार समाजांतून आलेलीं व थोडीं मांग समाजांतून. देवळांत एका सतरंजीवर बसणारीं हीं घरें सोयरिकीचा प्रश्न निघाला कीं निरनिराळीं होत, आणि हा भेद सर्वत्र नाहींसा झाला आहे असें म्हणण्यास निदान प्रस्तुत लेखक धजणार नाहीं. तेव्हां वर्गांतील एखादा मातंग कुटुंबांतला तरुण उठून म्हणाला कीं, आमच्या आजीला मंडळीच्याच विहिरीवर शेवटीं पाणी मिळे, तर ज्यांच्या घरच्या बायका आधीं पाणी भरीत त्यांचे कान तापतात. लगेच ओठांवर येतें, "आमच्या घरीं तसें कधीं नव्हतें." कदाचित् तें खरेंही असेल. तरी त्या क्षणीं तें बोलूं नये. कोणीं आरोप केलेला नाहीं. एकानें आपली आजी कोठें उभी राहत असे एवढेंच सांगितलें आहे. अशा वेळीं "हें मला ठाऊक नव्हतें, मीं घरीं जाऊन विचारीन" एवढें बोलणें पुरे, आणि मग खरोखर घरीं जाऊन आपल्या आजीला विचारणें. पुढच्या बैठकीस येऊन ती काय म्हणाली तें सांगावें, मग तें आपल्या घराण्याला शोभणारें असो वा नसो. उत्तर त्याच दिवशीं दिलेंच पाहिजे असा नियम कोठेंही नाहीं. पुष्कळ चांगलीं उत्तरें आठ दिवसांनीं येतात.

येथेंच शब्दांविषयीं एक गोष्ट सांगून टाकतों. कोणी आपल्या समाजाला मातंग म्हणतो, कोणी मांग म्हणतो. कोणी महार हा शब्द ताठ मानेनें उच्चारतो, कोणाला तो चावडीवरच्या शिवीसारखा लागतो. कोणी नुसतें ख्रिस्ती म्हणून थांबतो. सांगणारानें स्वतःस जो शब्द लावला तोच उत्तरांत वापरावा. आपणांस अधिक सभ्य वाटणारा शब्द त्याच्यावर लादणें हाही एक प्रकारचा अपमानच आहे, आणि त्यानें जो शब्द टाळला तो मुद्दाम उच्चारणें हा तर उघड उघड अपमान.

ऐकून घेण्याचें एक उदाहरण आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. ईयोबावर संकटें कोसळलीं तेव्हां त्याचे तीन मित्र आपापल्या गांवाहून निघून त्याच्याकडे आले. दुरून त्यांना तो ओळखूं आला नाहीं. ते रडले, अंगावरचीं वस्त्रें फाडलीं, डोक्यांत धूळ घातली, आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. एकानेंही तोंडांतून शब्द काढला नाहीं, कारण त्याचें दुःख फार मोठें आहे हें त्यांना दिसत होतें. येथपर्यंत त्या तिघांचें वागणें निर्दोष आहे. पुढें ते बोलूं लागले आणि सर्व बिघडलें. दुःखाचें कारण त्यांना ठाऊक होतें असें त्यांना वाटलें. मौन एका वचनांत उरकलें आहे, भाषणें कित्येक अध्याय चाललीं आहेत, आणि ग्रंथाच्या अखेरीस दोष लागला तो भाषणांना. उपदेशक मंडळींनीं हा भाग पुन्हां वाचावा. उपदेश करणें हेंच ज्यांचें रोजचें काम, त्यांना दोन मिनिटें शांतता सहन होत नाहीं. कोणी घरची अडचण सांगूं लागला कीं त्यांच्या मनांत रविवारचे मुद्दे तयार होऊं लागतात. त्यांना वर्गांत मागच्या ओळींत बसवावें आणि सर्वांत शेवटीं बोलावयास सांगावें, हा उपाय सोपा व परिणामकारक आहे.

सर्वच गोष्टी रडून सांगितल्या जात नाहींत. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रें' पहा. हें पुस्तक १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालें. त्यांच्या आईचे वडील १८५७ च्या बंडाच्या प्रकरणांत फांसावर गेले, आणि त्यानंतर त्यांच्या वडिलांना सोवळ्याचें अक्षरशः वेड लागलें. सर्व घर त्या वेडाखालीं भरडून निघालें. आणि हें सर्व लक्ष्मीबाई अशा रीतीनें सांगतात कीं, वाचणाराला हंसूं आवरत नाहीं. आतां असा हंसवून सांगणारा सहाध्यायी आपल्या वर्गांत असला तर काय करावें? हंसावें. हंसणें हेंच तेथें उत्तर आहे. तोंड लांब करून बसलें तर सांगणाराचा हिरमोड होतो. मात्र ह्या हंसण्याखालीं एका माणसाची फांशी आहे व दुसऱ्याची बिघडलेली बुद्धि आहे, हें विसरूं नये. वर्ग सुटल्यावर, चहाच्या वेळीं किंवा वाटेनें चालतांना, "तुझ्या आईनें हें कसें सोसलें?" असें हळूच विचारलें तर गोष्टीचा उरलेला भाग पुष्कळदां तेथें ऐकावयास मिळतो.

त्याच पुस्तकांतून दुसरीही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्यें मुंबईस झाला. लक्ष्मीबाई पुढें कित्येक वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या. परत आल्यावरही कांहीं काळ त्यांनीं आपलें सोवळें आणि आपलें पाणी निराळें ठेवलें. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० सालीं झाला. म्हणजे एका माणसाचें मन एका स्थितींतून दुसरींत जावयास इतकीं वर्षें लागलीं, आणि मधल्या काळांत तें धड इकडचें नव्हतें, धड तिकडचें नव्हतें. वर्गांत गोष्ट सांगणारे पुष्कळ जण ह्या मधल्या काळांतच असतात. कोणाच्या घरांत अजून खंडोबाचा टाक पेटींत जपून ठेवलेला असतो, कोणाची आई पोळ्याच्या दिवशीं बैलाला ओवाळल्यावांचून राहत नाहीं. ऐकणाराला ती गोष्ट शेवटास नेण्याची घाई होते. "मग आतां तरी सोडलें ना?" असा प्रश्न तो करतो. त्यानें असें विचारूं नये. ज्याची गोष्ट त्यानें ती जेथें थांबविली तेथेंच आपणही थांबावें.

दुष्काळाच्या गोष्टींना विशेष जपावें लागतें. १८७६ ते १८७८, १८९६-९७ व १८९९-१९०० ह्या दुष्काळांत किती तरी पोरकीं मुलें मिशनांच्या आश्रयास आलीं. पंडिता रमाबाईंनीं केडगांव येथें १८९७ सालीं मध्यप्रांतांतून व १९०० सालीं गुजरातेंतून दुष्काळग्रस्त मुली आणून वाढविल्या. त्यांचीं पतवंडें आज आपल्यांत आहेत. समजा, अशी एखादी बाई वर्गांत म्हणाली कीं, "माझी पणजी गुजरातेंतून आली एवढेंच आम्हांस ठाऊक. तिच्या आईबापांचें नांव कोणालाच माहीत नाहीं. तिचें नांवही तिकडचें कीं इकडचें तें सांगतां येत नाहीं." अशा वेळीं दोन प्रश्न लोक हमखास विचारतात. पहिला, "मग तुमची मूळ जात कोणती?" दुसरा प्रश्न सहसा उघड विचारीत नाहींत, पण तो डोळ्यांत दिसतो: भाकरीसाठीं धर्म बदलला काय? पहिल्या प्रश्नानें आपण एस. टी. मोटारींतल्या त्या गृहस्थाच्या शेजारीं जाऊन बसतों. दुसऱ्याविषयीं इतकेंच म्हणावयाचें कीं, जें मूल उपाशी मरत होतें त्यानें काय निवडलें आणि काय नाहीं, ह्याचा निवाडा करण्याचा अधिकार पोटभर जेवून आलेल्या माणसाला नाहीं. त्या बाईच्या गोष्टींत एक रिकामी जागा आहे. ती भरून काढण्याचा उत्साह दाखवूं नये. "तुमची पणजी असावी कोणा थोर घराण्यांतली" असेंही म्हणूं नये. थोर घराण्यांतली नसली तर काय कमी झालें? ती जागा रिकामी आहे हें आपण ऐकलें, इतकें तिला कळलें म्हणजे झालें. पणजीची एखादी आठवण, एखादी चीजवस्तु घरांत राहिली आहे काय, असें विचारावें. बहुधा कांहीं तरी निघतें. एखादा पदार्थ करण्याची रीत, एखादा शब्द, मुलांना निजवितांनाची चाल.

आतां गुप्ततेविषयीं. हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाहीं, ह्यांत लोकांचीं पोटें अडकलेलीं आहेत. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींचा हक्क प्रथम हिंदूंपुरता ठरला. १९५६ मध्यें शिखांचा व १९९० मध्यें बौद्धांचा त्यांत समावेश झाला. ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. त्यामुळें कांहीं घरांत देवळाच्या नोंदवहींत एक गोष्ट असते आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी. शिवाय १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपूर येथें डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनीं धम्मदीक्षा घेतल्यावर महाराष्ट्रांत महार समाजाचा फार मोठा भाग बौद्ध झाला, आणि एकाच भावकींत एक चुलता बौद्ध, एक ख्रिस्ती असे प्रकार गांवोगांवीं झाले. असा एखादा तरुण वर्गांत उठून सांगतो कीं, "लग्नांत मी दोन्ही मांडवांत असतों आणि दोन्ही मांडवांत पाहुणा असतों." त्याला कोणता चुलता बरोबर हें सांगावयास कोणी बोलाविलेलें नाहीं. त्याचप्रमाणें दाखल्याची गोष्ट कोणीं सांगितलीच तर तिचा न्याय करण्याची जागा अभ्यासवर्ग नव्हे. आणि ती गोष्ट त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर जातां कामा नये. गांवांत एखाद्या पोराची नोकरी एका निनावी अर्जानें जाऊं शकते हें सर्वांस ठाऊक आहे. म्हणून कोणी गोष्ट सांगत असतां मोबाइलवर तिचें चित्रण करूं नये, ध्वनि टिपून घेऊं नये. लिहिलेलीं पानें ज्याचीं त्याला परत द्यावीं.

गुप्तता मोडण्याची एक वाट आपल्या मंडळ्यांतून फार मळलेली आहे. बुधवारच्या प्रार्थनासभेंत कोणी उठून म्हणतो, "आपल्या अमक्या बहिणीच्या घरीं नवरा असें असें करतो, तिच्यासाठीं प्रार्थना करा." त्या बहिणीनें तें एकट्या वर्गाला सांगितलें होतें. दुसऱ्या दिवशीं तें पाणवठ्यावर पोंचतें. चहाडीला प्रार्थनेचें पांघरूण घातलें तरी ती चहाडीच. कोणासाठीं प्रार्थना करावयाची असेल तर मनांत करावी, नांव ज्याचें त्याला ठाऊक आहे.

इतकें सर्व 'करूं नका' सांगितल्यावर मग उत्तर म्हणून बोलावयाचें तरी काय, असें वाचक विचारतील. एक नमुना घेऊं. समजा, एका बाईनें असें लिहून आणलें: तिची आई पहांटे जात्यावर ओव्या म्हणे. त्यांत माहेर होतें, भाऊ होता, पंढरी होती. बाप्तिस्मा होऊन वीस वर्षें झालीं तरी जात्यापाशीं बसली कीं त्याच ओव्या तिच्या तोंडीं येत. पाळकसाहेब दारांत दिसले कीं ती गप्प होई, आणि नुसत्या जात्याची घरघर ऐकूं येई. लेकीला तेव्हां आईची लाज वाटे. आतां आई नाहीं, जातें परसांत उलथें पडलें आहे, आणि लेकीला एकच ओवी आठवते, तीही अर्धी.

ह्याला एक उत्तर येईल तें असें कीं, अंधारांतून उजेडांत आल्यावर मागें कशाला पहावें? दुसरें उत्तर ह्याच्या अगदीं उलट: आपली संस्कृति सोडूं नका, ओव्या जपल्याच पाहिजेत. दुसरें उत्तर ऐकावयास बरें वाटतें, पण दोन्हीं उत्तरें एकाच सांच्यांतलीं आहेत. दोघांनीही त्या बाईला काय करावें तें सांगितलें, आणि तिनें तर तें विचारलें नव्हतें. आतां तिसरें उत्तर पहा: "पाळकसाहेब आले कीं आई गप्प होई आणि नुसती घरघर ऐकूं येई, हें माझ्या मनांतून जात नाहीं. ते निघून गेल्यावर ती पुन्हां म्हणूं लागे काय? तुम्हांला जी अर्धी ओवी आठवते ती तुम्हीं कोणाजवळ म्हणून दाखविली आहे काय?" ह्या उत्तरांत शहाणपण असें कांहींच नाहीं. तिच्याच गोष्टींतली एक बारीक खूण उचलून तिला परत दाखविली आहे, आणि दोन प्रश्न विचारले आहेत, ज्यांचीं उत्तरें केवळ तीच देऊं शकते. तिला बोलावयाचें असेल तर वाट मोकळी आहे. नसेल तर ती "नाहीं" एवढेंच म्हणून थांबूं शकते. आणि तिनें ती अर्धी ओवी वर्गांत म्हणून दाखविली व मागच्या ओळींतल्या एखाद्या म्हातारीला तिचा उरलेला अर्धा भाग येत असला, तर त्या दिवशीं पुढचा धडा झाला नाहीं तरी चालेल.

आपली स्वतःची गोष्ट उत्तरांत सांगूंच नये काय? सांगावी, पण आधीं दुसऱ्याच्या गोष्टीला पुरता वेळ देऊन, आणि थोडक्यांत. "माझीही आई असेंच करी" हें एक वाक्य जवळीक करतें. त्याच्यामागून वीस वाक्यें आलीं कीं ती जवळीक नाहींशी होते. आणि जेथें आपला अनुभव खरोखर निराळा आहे तेथें ओढून-ताणून सारखेपणा दाखवूं नये. "माझें घर असें नव्हतें, म्हणून मला हें नीट कळावयास वेळ लागेल" हें उत्तर पुष्कळ खोट्या सहानुभूतीहून बरें.

शिक्षकाच्या कामाविषयीं थोडेंसें. पहिली गोष्ट शिक्षकानें स्वतःची सांगावी, आणि ती गुळगुळीत करून सांगूं नये. इतरांस किती खोल जावयाचें ह्याचा अंदाज त्यावरूनच येतो. ज्याला सांगावयाचें नाहीं त्याला तसें म्हणण्याची मुभा असावी, व कारण विचारूं नये. ज्या वर्गांत सासू व सून, किंवा मालक व त्याच्या शेतावरचा गडी एकत्र बसतात, तेथें बायकांची व गड्यामाणसांची बैठक निराळी करावी लागेल. एरव्हीं जें ऐकावयास मिळेल तें पाठ केलेलेंच असेल. एका दिवशीं दोन किंवा तीन गोष्टींहून अधिक घेऊं नयेत. चौथ्या गोष्टीच्या वेळीं लोकांचे कान भरलेले असतात, आणि नेमकी तीच गोष्ट सांगावयास एखादा महिनाभर धीर गोळा करीत आलेला असतो. गुण देण्याची पद्धत असेल तर ती ह्या कामापुरती बंद ठेवावी. दुःखाला गुण मिळूं लागले म्हणजे दुःखें वाढवून लिहिलीं जातात, आणि ज्याचें बालपण सुखांत गेलें तो बिचारा अपराध्यासारखा बसतो. सुखाच्या गोष्टीलाही उत्तर लागतें हें शिक्षकाच्या ध्यानांत असूं द्यावें.

पुढील बैठकीचें काम असें. मुक्तेच्या निबंधांतला जो भाग ऐकतांना आपणांस सर्वांत अस्वस्थ वाटलें तो प्रत्येकानें आपल्या वहींत उतरून घ्यावा, आणि अस्वस्थ कां वाटलें तें तीन-चार ओळींत लिहावें. मग वर्गांतील ज्या सहाध्याय्याची गोष्ट आजवर वाचली गेली आहे त्याला एक उत्तर लिहावें, एका पानाहून मोठें नको. त्यांत उपदेश नसावा, तुलना नसावी, आणि त्याच्या गोष्टींतली निदान एक खूण त्याच्याच शब्दांत असावी. लिहून झाल्यावर तें उत्तर वर्गांत वाचण्याआधीं ज्याची गोष्ट त्याच्या हातीं द्यावें. तें सर्वांसमोर वाचावें कीं नाहीं हें तोच ठरवील.